बारोचा डावा डोळा

"हातांना सात पाणी, आणि त्याच्या डोळ्याला एकही नाही?"

सिनारमावशी हे असं विचारायची. विचारायची म्हणजे उत्तर मागायची नाही. दगड भिरकावावा तसा प्रश्न भिरकावायची. कुत्र्याची लाळ लागली की हात सात वेळा धुवायचे, त्यातलं एक पाणी मातीचं, ही आमच्या मुसलमान गावातली रीत. रविवारी रानडुकरांची शिकार उरकली की पुरुष ओढ्याच्या काठी ओळीने उकिडवे बसत आणि मोठ्याने मोजत हात धूत. एक, दोन, तीन. मागे दालचिनीच्या झाडांना कुत्रे बांधलेले असत आणि ते पंजांनी डोळे चोळत असत. कुणाच्या डोळ्यात रानातली धूळ, कुणाच्या गवताचा तुकडा, कुणी मोटरसायकलवर तासभर वाऱ्याला तोंड देत आलेला. मावशी आपल्या मिरचीच्या वाफ्यातून कमरेवर हात ठेवून हे बघायची, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"आठवं पाणी तुझ्यासाठी ठेवलंय, मावशी!" एखादा ओरडे. सगळे हसत.

मावशी खरंच खाली उतरे. एका हातात ॲल्युमिनियमची किटली, दुसऱ्या हातात जुन्या लुंगीच्या धुऊन वाळवलेल्या चिंध्या. किटलीत उकळून गार केलेलं पाणी, त्यात अश्रूंइतकंच खारट होईल एवढं मीठ. ती एकेका कुत्र्यापुढे बसे, नाकाच्या बाजूने बाहेरच्या कोपऱ्याकडे पाण्याची बारीक धार सोडे, एका डोळ्याची चिंधी दुसऱ्या डोळ्याला लावत नसे, आणि सगळा वेळ कुत्र्याच्या मालकाला शिव्या घालत असे. कुत्र्यांना ते फार आवडायचं. शिव्या आपल्याला नाहीत हे त्यांना कळत असावं.

मग ती घरी जाऊन आपले हात सात वेळा धुवायची. न्हाणीच्या कोपऱ्यात तिने डोंगरातली लाल माती डब्यात भरून ठेवली होती. तिच्यासारखी रीत पाळणारी बाई गावात दुसरी नव्हती, म्हणून तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

हे सगळं ती शिकली एका डोळ्याची किंमत देऊन. तिचा नवरा बुरहान जिवंत होता तेव्हा त्याच्याकडे कुंबांग नावाचा काळाभोर कुत्रा होता. त्याचा उजवा डोळा एकदा लाल झाला. सिनारने तिच्या आईने शिकवलं होतं तसं केलं. विड्याची सात पानं उकळून ते पाणी रोज डोळ्यात घातलं आणि कुत्र्याला ऊब मिळावी म्हणून खांबांवरच्या घराखाली, पाणी तापवायच्या चुलीजवळ बांधलं. धूर दिवसभर तिथेच कोंडलेला असे. डोळा आधी निळसर झाला, मग दुधासारखा पांढरा. महिन्याभराने डोळ्याच्या आतल्या पडद्याखालून गवताचं एक कुसळ आपोआप बाहेर आलं. ते बोटावर घेऊन ती किती वेळ बघत बसली होती. पायाकुम्बुह शहराच्या बाजारामागे राहणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, "पहिल्या दिवशी आणला असता तर पाच मिनिटांचं काम होतं." बाई रागावून बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुंबांग त्यानंतर सहा वर्षं जगला. चालताना त्याची आंधळी बाजू तिच्या गुडघ्याला धडकायची. त्या गुडघ्यात अजून कधी कधी धडक बसल्यासारखं होतं, असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिचा आवाज चढायचा.

तर त्या वर्षीची गोष्ट. भात कापून झालं होतं, डोंगराच्या उतारावर गवत वाळलं होतं आणि रानडुकरांनी कसाव्याचे कंद उकरून वाफे नांगरल्यासारखे केले होते. अशा दिवसांत आमच्या भागातले पुरुष दुसरं काही बोलत नाहीत. गुरुवारी उन्हं कलताना मावशीचा जावई येफरी मोटरसायकलवरून घरी आला. मागच्या पेटीत उभा एक तांबूस कुत्रा, तोंड वाऱ्याला धरलेलं.

आमच्याकडे घर बायकोचं असतं. येफरी चार वर्षांपूर्वी मावशीच्या लिस्माशी लग्न करून या घरात राहायला आला होता. घर सासूचं, शेत सासूचं, पुढेमागे सगळं लिस्माचं. मोठ्या गोष्टी ठरवायला मावशीचा थोरला भाऊ दालीमुस होता, म्हणजे लिस्माचा मामा. येफरीचं स्वतःचं असं त्या घरात एक कपड्यांची पेटी आणि ती मोटरसायकल. आता हा कुत्रा.

"आई, बघा!" त्याने कुत्र्याची हनुवटी वर केली. "डोळे बघा. समुद्रकाठच्या शिकाऱ्याकडून आणलाय. नाव बारो."

बारो म्हणजे निखारा. आमच्या शिकाऱ्यांची एक समजूत आहे, आणि ती समजूत आमच्याच डोंगरात पिकते: ज्या कुत्र्याचे डोळे लाल, तो तिखट. रक्त डोळ्यात उतरलंय, तो डुकराला सोडणार नाही. त्या लाल डोळ्यांसाठी माणसं गाईच्या मोलाने कुत्रा घेतात, आणि विकणारा विकेपर्यंत डोळे धुवत नाही.

मावशीने लांबूनच बघितलं. उजवा डोळा जेमतेम गुलाबी होता. डावा लालभडक. डाव्यातून पाण्याची रेघ नाकापर्यंत ओघळलेली, पापणी अर्धी मिटलेली.

"याचं शौर्य एकाच डोळ्यात उतरलंय का हो, जावईबापू?" ती म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याने भित्रा आहे वाटतं."

पायरीवर बसलेली लिस्मा फिसकन हसली. येफरीचं तोंड उतरलं.

मावशी खाली आली. "दोन्ही डोळे लाल असते तर म्हटलं असतं वारा लागला, धूळ गेली, कुणाच्या चुलीजवळ बांधला होता. दोन दिवस धुतले की उतरलं असतं. एकच लाल म्हणजे आत काहीतरी आहे. धरा डोकं. मी बघते."

येफरीने दोरी आपल्याकडे ओढली. "रविवारनंतर बघा, आई."

"का?"

"रविवारी आपल्या डोंगरावर शिकार आहे. तीन तालुक्यांतली माणसं येणार. शिकारीचे मुख्य दातुक स्वतः येणार. त्यांना मी सांगून आलोय, निखाऱ्यासारखे डोळे असलेला कुत्रा आणतो म्हणून. तुम्ही धुतलेत आणि लाली गेली तर लोक म्हणतील, येफरीला गंडवलं."

"म्हणजे लाली राहायला पाहिजे?"

"तीनच दिवस."

"आणि डोळा?"

येफरी दोरी मनगटाला गुंडाळू लागला. वाईट माणूस नव्हता तो. भात चांगला लावायचा, लिस्मावर कधी आवाज चढवत नसे. पण चार वर्षांत गावाने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. 'सिनारचा जावई' म्हणूनच तो ओळखला जायचा. रविवारी त्याला 'बारोचा मालक' व्हायचं होतं.

"आई, राहू दे ना," लिस्मा म्हणाली. "त्यांचा कुत्रा आहे."

मावशी वर गेली आणि रात्रीच्या जेवणाचा भात तिने असा घोटला की त्याची खळ झाली.

शुक्रवारी सकाळी बारोने डावा डोळा उघडलाच नाही. खांबाला डोकं घासत होता. पापणीच्या कडेला पिवळं चिकट जमलं होतं. मावशीने जाता जाता दोन बोटांनी पापणी हलकेच वर केली. लाल तर होताच, पण बुबुळावर मधोमध एक धुरकट निळा ठिपका होता, मिरचीच्या बीएवढा. असा ठिपका तिने याआधी एकदाच बघितला होता.

ती किटली आणायला वळली तेवढ्यात येफरी कोपऱ्यावरच्या टपरीवरून आला. हातात औषधाची चिमुकली बाटली. टपरीवाल्याने स्वतःच्या डोळ्यांसाठी आणलेली, अर्धी वापरलेली.

"डोळा उघडेल म्हणाला," येफरी म्हणाला. "मिटलेला डोळा घेऊन कसा नेऊ?"

त्याने झाकण काढलं. मावशीने बाटली त्याच्या हातातून हिसकावली आणि मिरचीच्या वाफ्यांकडे अशी फेकली की ती दोन वाफे पलीकडे जाऊन पडली.

"अहो, माणसाच्या डोळ्याचं औषध ते! लाली काढतं, ठणका थांबवतं, आणि आत जखम असली की बुबुळ कुरतडून टाकतं. डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बजावलंय. निळा ठिपका दिसला की त्याच दिवशी यायचं. त्याच दिवशी! चला, गाडी काढा. नाही, गाडी नको, वारा लागेल. चालत नेऊ."

"मी नेणार नाही."

"का नाही?"

"कुत्रा माझा आहे, आई."

"आणि घर माझं आहे!"

तिथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण राग उतारावरच्या दगडासारखा. सुटला की मधे थांबत नाही. चार वर्षं ती त्याला 'अहो' म्हणत आली होती. त्या सकाळी ती म्हणाली, "तू आहेस कोण रे? जावई म्हणजे खुंटावरची राख. फुंकर मारली की उडाली."

ही म्हण आमच्याकडे जुनी आहे. पाठीमागे सगळेच म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही.

येफरी पांढरा पडला. लिस्मा उठून आत गेली आणि आतून फळी लावल्याचा आवाज आला. बारो एका डोळ्याने दोघांकडे बघत होता.

"राख तर राख," येफरी हळू आवाजात म्हणाला. "राखेचा कुत्रा रविवारी शिकारीला जाणार."

त्याने खांबाची दोरी सोडली आणि कुत्र्याला घेऊन तो शेतातल्या खोपटात राहायला गेला. मावशी दिवसभर वाफ्यात राबली आणि मिरच्यांच्या रोपांशी भांडली. त्या एका वाक्याने आपण डोळा आणखी दोन दिवस लांब ढकलला, हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच राग वाढत होता, आणि आता तो जाणार कुठे, तिचा तिलाच चावत होता.

शनिवारी दालीमुसमामाला बोलावलं. म्हातारा आला, करवंटीतून कॉफीच्या पानांचा काढा प्याला, आणखी एक करवंटी प्याला, येफरीला खोपटातून बोलावून घेतलं, दोघांचं ऐकलं. तो स्वतः जुना शिकारी. त्याच्या पोटरीवर डुकराच्या सुळ्याचा व्रण होता आणि तो व्रण दिसेल असंच तो बसायचा.

"सिनार," तो म्हणाला, "तू जे बोललीस ते या घरात बोलायला नको होतं."

"नको होतं, दादा."

"कुत्रा रविवारी मैदानावर जाईल. येफरीने दातुकांना शब्द दिलाय. पुरुषाचा शब्द आहे. सोमवारपासून कुत्रा तुझ्या ताब्यात. तोवर डोळ्याला कुणी हात लावायचा नाही. तूही नाही, टपरीवालाही नाही."

"सोमवारपर्यंत डोळा राहिला तर."

"कुत्र्याचा एक डोळा गेला म्हणून डोंगर कोसळत नाही."

"कुंबांगच्या वेळी तूच बोलला होतास हे, दादा. ह्याच पायरीवर बसून."

मामाने करवंटी खाली ठेवली. पण निकाल बदलला नाही. आमच्याकडे मामाचा निकाल म्हणजे निकाल.

त्या संध्याकाळी मावशीने घरातली निळी प्लास्टिकची बादली घेतली आणि कोयत्याने तिचा तळ कापून काढला. कडेला चिंध्या शिवल्या, टोचू नये म्हणून. लिस्मा दारातून बघत होती.

"नवी बादली आहे ती, आई."

"माहीत आहे."

"काय करतेस?"

"मामा म्हणाला कुत्रा मैदानावर जाईल. जाऊ दे. मी जायचं नाही असं तो म्हणाला नाही."

लिस्माने आत जाऊन किटली चुलीवर ठेवली, पाणी उकळलं, मीठ टाकलं, जिभेवर थेंब घेऊन बघितला. आईच्या पुढ्यात किटली ठेवताना ती एवढंच म्हणाली, "त्यांना पुन्हा राख म्हणू नकोस."

रविवारी डोंगराच्या पायथ्याचं मैदान धुळीने भरलं होतं. मोटरसायकली, टेम्पो, दोनशेच्या वर माणसं, त्याहून जास्त कुत्रे. प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला भुंकणं. कडेला बायका कसाव्याचे काप तळत होत्या आणि तेलाचा धूर कुत्र्यांच्या अंगावर जात होता. मधोमध दातुक उभे होते, मारुहून नावाचे; दातुक म्हणजे कुळाचा मुखिया. शिकारीचे मुख्य तेच. विड्याचं तबक त्यांच्या पुढ्यात फिरल्याशिवाय आणि त्यांनी हात वर केल्याशिवाय एकही कुत्रा सुटत नाही. एक जरी आधी सुटला तर बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून सगळे त्या एका हाताकडे डोळे लावून असतात.

मावशी गर्दीतून आली. डाव्या हातात किटली, उजव्या खांद्यावर निळी बादली.

"मावशी, विहीर तिकडे आहे!" कुणीतरी ओरडलं.

"डुकराला आंघोळ घालायला आलीस काय?"

ती सरळ दातुकांपुढे जाऊन उभी राहिली. येफरी तिथेच होता, दोरी मनगटाला गुंडाळून. बारोचा डावा डोळा मिटलेला, गालावर ओला पट्टा. तिघे-चौघे त्याच्याभोवती जमले होते आणि त्यातला एक पापणीच्या फटीत डोकावून म्हणत होता, "वा! केवढा लाल! आज हा डुकराचं काळीज काढणार."

"सिनार," दातुक म्हणाले, "तबक फिरायचंय अजून. तुझं काय काम?"

"दातुक, एक विचारते. लाल डोळा म्हणजे तिखट कुत्रा, हे खरं ना?"

"वाडवडील सांगत आलेत."

"मग तुमचे स्वतःचे डोळे सकाळपासून लाल आहेत. रात्रभर कुठे जागलात ते मी विचारत नाही. तुम्हाला सोडू का आधी डुकरावर?"

आधी कुणाला हसायचं धाडस झालं नाही. मग दालीमुसमामाच हसला, पोट धरून, आणि मैदान फुटलं. दातुकांनी लाल डोळ्यांवरून हात फिरवला. त्यांनाही हसू आवरेना.

पण मावशी हसत नव्हती. तिचा आवाज चढला होता.

"हसा! हसून झालं की इकडे बघा. हा कुत्रा शूर आहे. माझ्या जावयाने कुत्रा चुकीचा निवडला नाही. तीन दिवस एक डोळा मिटून, ठणका सोसून हा उभा आहे आणि एकदाही कुणाला चावला नाही. तुमच्यातल्या कुणाच्या डोळ्यात केस गेला तर तुम्ही बायकोला हाका मारत घर डोक्यावर घेता. हा शूर नाही असं ज्याला म्हणायचंय त्याने पुढे यावं. पण ती लाली शौर्याची नाही. ती दुखण्याची आहे. दुखणं विकत घेता तुम्ही, दुखणं मिरवता, आणि संध्याकाळी ओढ्यावर बसून सात पाण्यांनी स्वच्छ होता!"

आता फक्त कुत्रे भुंकत होते.

येफरी तिच्याकडे बघत होता. 'माझ्या जावयाने,' ती म्हणाली होती, दोनशे माणसांत.

"हात लावायचा नाही असा मामाचा निकाल आहे," ती त्याला म्हणाली. आवाज अजून चढलेलाच होता. "मी लावणार नाही. मालकाने सांगितलं तर लावेन. सांगा, जावईबापू, काय करू?"

येफरीने मामाकडे बघितलं. मामाने आपल्या पोटरीवरच्या व्रणाकडे बघितलं, जणू आज प्रथमच दिसला.

येफरी गुडघ्यावर बसला. त्याने बारोचं डोकं आपल्या छातीशी धरलं, एक हात जबड्याखाली, एक मानेमागे. "बघा, आई," तो म्हणाला.

मावशीने धार सोडली. नुसती धार, कितीतरी वेळ. पिवळं वाहून गेलं, धूळ वाहून गेली. पापणी सैल झाली तशी तिने बोटाने खालची पापणी हलकेच खाली केली. नाकाजवळच्या कोपऱ्यात जो आतला पडदा असतो तो सुजून वर आला होता, आणि त्याच्या कडेखालून केसाएवढं काहीतरी डोकावत होतं.

"हलू देऊ नका. अजिबात."

तिने ओढलं नाही. पुन्हा पाणी घातलं, पुन्हा घातलं, आणि ते टोक आणखी थोडं बाहेर आल्यावर ओल्या चिंधीचं टोक त्याला लावून हळूच वर उचललं. बारोने एकदा कण्हून अंग ताठ केलं. मग लांब श्वास सोडला.

चिंधीवर एक कुसळ होतं. भाताच्या दाण्याहून लांब, एका टोकाला अणकुचीदार, अंगाला उलटे केस. पुढे सरकणारं, मागे न येणारं. तिने ते दातुकांच्या तळहातावर ठेवलं.

"हे घ्या तुमचं शौर्य."

दातुक त्या कुसळाकडे बघत राहिले. आजूबाजूच्या माणसांनी माना पुढे केल्या. आणि मग एक-दोघं काही न बोलता आपापल्या कुत्र्यापाशी वाकले आणि त्यांनी त्यांची तोंडं उजेडाकडे वळवली.

मावशीचं लक्ष तिकडे नव्हतं. ती डाव्या बुबुळाकडे बघत होती. निळा ठिपका आता मिरचीच्या बीएवढा राहिला नव्हता. मसुरीएवढा झाला होता. तिने तळहात डोळ्याच्या बाहेरच्या बाजूने, वारा लागणार नाही इतका सावकाश, पुढे आणला. पापणी किंचित हलली. तिने पुन्हा केलं. पुन्हा हलली.

"दिसतंय," ती म्हणाली. "अजून दिसतंय. आज औषध पडलं तर वाचेल."

"मी नेतो," येफरी उठला. "गाडी इथेच आहे. वीस मिनिटांत—"

"गाडीवर वारा लागेल. जखमेवर वारा! अजून कळलं नाही?" ती त्याच्यावर ओरडली. मग बादली उचलून तिने बारोच्या डोक्यावरून गळ्यात अडकवली, चिंध्या नीट आत दुमडल्या, म्हणजे पंजा डोळ्यापर्यंत पोचू नये. "फाट्यापर्यंत चालत जाते. तिथून बाजाराची बंद गाडी मिळेल. डॉक्टरीणबाई रविवारी घरी असतात, मागच्या दाराने हाक मारली की येतात. तुम्ही शब्द दिलाय ना इथे? उभे राहा. शब्द पुरा करा."

तिने हात पुढे केला. येफरीने मनगटावरची दोरी उलगडून तिच्या हातात दिली. दोरी देताना त्याला काहीतरी बोलायचं होतं. तिलाही. मावशीने रिकामी होत आलेली किटली त्याच्या हातात कोंबली आणि ती वळली.

फाट्याकडे जाणारा रस्ता मैदानाच्या कडेनेच खाली उतरतो, कापलेल्या भाताच्या पायऱ्यांमधून, आणि पार खालच्या वळणापर्यंत उघडा दिसतो. बारो बादलीत मान घालून तिच्या डाव्या बाजूला चालत होता. दर दोन पावलांनी बादलीची कड तिच्या गुडघ्याला लागत होती. ती त्याला ढकलत नव्हती. मिरचीच्या रोपांशी भांडावी तशी कुणाशी तरी मोठ्याने भांडत चालली होती, शब्द वरपर्यंत पोचत नव्हते.

विड्याचं तबक फिरून झालं. माणसांनी दोऱ्यांच्या गाठी सैल केल्या आणि दातुकांकडे बघितलं. दातुकांनी हात वर केला नाही. एवढे कुत्रे आता सुटले असते तर वाटेतल्या त्या एका बांधलेल्या कुत्र्यावर धावून गेले असते.

"थांबा," ते म्हणाले. "तिला वळण पार करू दे."

मग दोनशे माणसं ताणलेल्या दोऱ्या धरून उभी राहिली. तळणाऱ्या बायकांनी झारे बाजूला ठेवले. दालीमुसमामाने कपाळावर हात धरून डोळे बारीक केले. म्हातारी सावकाश चालत होती, कुत्रा तिच्याहून सावकाश, आणि सगळ्यांच्या पुढे येफरी किटली छातीशी धरून उभा होता, ती निळी बादली वळणाआड जाईपर्यंत, आणि गेल्यानंतरही.